कोणाला दिसलं, ते आधी विचारा

डिचोलीच्या एका वाचकाने लिहिलंय: ‘ताई, पावसात वीज गेली नाही असा एक रविवार मिळाला, तेव्हा घरात आम्ही चौघांनी १९६१चा ‘द इनोसन्ट्स’ पाहिला. नंतर वाद. मी म्हणतो भुतं खरी, कारण पाटीवर अश्रू उरतो. बहीण म्हणते, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काही नाही. तुम्ही इतकी वर्षं चित्रपटांचं संकलन केलंत. एकदाच सांगा, दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं? आणि माझी दहा वर्षांची भाची हट्ट धरून बसलीय, तिला दाखवावा का?’

भाचीचं शेवटी बघू.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळींत गोष्ट. इंग्लंडमधला श्रीमंत काका. दोन पोरकी भावंडं, माइल्स आणि फ्लोरा, त्याच्या गळ्यात पडलेली, आणि त्याला त्यांची कटकट नको. तो मिस गिडन्स नावाच्या बाईंना गव्हर्नेस म्हणून, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवायला-सांभाळायला, ब्लाय नावाच्या मोठ्या वाड्यावर पाठवतो. अट एकच: सगळे अधिकार तुमचे, मला काही कळवायचं नाही. वाड्यावर तिला आधीचा नोकर पीटर क्विंट आणि आधीची गव्हर्नेस मिस जेसल दिसू लागतात. दोघंही मेलेली. ती दोघं मुलांच्या अंगात शिरू पाहताहेत असं तिला वाटतं. ती मुलांना सोडवायला जाते आणि शेवटी माइल्स तिच्या हातात मरतो. मूळ कादंबरिका हेन्री जेम्सची, १८९८ची. दिग्दर्शक जॅक क्लेटन, मिस गिडन्स झालीय डेबोरा कर.

दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. तीस वर्षं दिग्दर्शकांच्या शेजारी बसून काढली. त्यांच्या मनात काय आहे ते सकाळी एक असतं आणि जेवणानंतर दुसरं. पडद्यावर काय ठेवलंय आणि कशानंतर काय ठेवलंय, एवढंच मला वाचता येतं, आणि या चित्रपटाचं सगळं गुपित त्या क्रमात आहे.

आधी घरची एक गोष्ट. आमचं मूळ घर सावईवेरेला. घरामागे कुळागर, माडपोफळींत दिवसासुद्धा अंधार, मधून पाण्याचा पाट. मी लहान असताना माझ्या धाकट्या काकीला दिवेलागणीच्या वेळी पाटाजवळ खांद्यावर कांबळं घेतलेला माणूस दिसला. ती धावत घरात आली. मला वाटलं, आता सगळे विचारणार, ‘खरंच दिसला का?’ आजीने ते विचारलंच नाही. ती वर सोप्यावर बसली होती. आतून ओरड ऐकून तिने एवढंच म्हटलं, “कोणाक दिसलें?” कारण तोच माणूस कामाच्या गड्याला दिसला असता तर तो देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, रात्रीच्या फेरीला निघालेला. मेरेवर रोट आणि विडी ठेवली की झालं. पण दिसला नव्या सुनेला, लग्नाला सहा महिने झालेल्या. मग तो देवचार नाही. मग सुनेला आठ दिवस माहेरी पाठवायचं. माणूस तोच, कांबळं तेच. पाहणारा बदलला की भूत बदलतं, हे आजीला ठाऊक होतं. पुढे मी पुण्याला जाऊन संकलन शिकले, तेव्हा पहिल्याच महिन्यात हेच शिकवलं गेलं, फक्त शब्द वेगळे होते.

संकलनाच्या टेबलावर भूत दाखवायचे दोन मार्ग असतात. पहिला: रिकामी खोली, कोपऱ्यात आकृती, आणि मग दार उघडून कोणी तरी आत येतं. इथे आकृती आधी आली, माणूस नंतर. म्हणजे ती आकृती चित्रपटाची, खात्रीने तिथे आहे. प्रेक्षक आणि भूत यांच्यात तिसरा कोणी नाही. दुसरा मार्ग: आधी चेहरा. चेहरा काही तरी पाहतो, डोळे थिजतात. मग ते काय पाहताहेत याचा शॉट. मग पुन्हा चेहरा. हे तीन तुकडे जोडले की मधला तुकडा त्या चेहऱ्याच्या मालकीचा होतो.

‘द इनोसन्ट्स’ जवळजवळ अखेरपर्यंत दुसऱ्या मार्गाने चालतो. आधी डेबोरा करचा चेहरा, मग भूत. बागेतला पहिला प्रसंग घ्या. ती फुलं कापतेय. एकाएकी पाखरांचा आवाज थांबतो, सगळ्या बागेचाच श्वास अडकल्यासारखा. ती वर पाहते, तिच्या हातातली कात्री पाण्यात पडते. हे सगळं झाल्यावर मनोऱ्याच्या टोकावर, डोळ्यांत जाणाऱ्या उन्हात, पुरुषाची आकृती. ती धापा टाकत वर चढून जाते तर तिथे माइल्स, कबुतरांशी खेळतोय. इथे तर कोणीच नव्हतं, मीच होतो, असं तो म्हणतो. आता तुम्हीच सांगा, पाखरांचा आवाज कोणासाठी थांबला? बागेत पाखरं खरोखर गप्प झाली, की तिला ऐकू येईनासं झालं? आपण तिच्या डोळ्यांनीच पाहतोय असं नाही, तिच्या कानांनीही ऐकतोय. वाड्यात जे कुजबुजल्यासारखे, घुमल्यासारखे इलेक्ट्रॉनिक आवाज येतात ते डॅफ्नी ओरम या ब्रिटिश ध्वनीकलावतीचे. तिचं नाव श्रेयनामावलीत नाही, याची मला अजूनही चीड येते.

आता पुराव्यांकडे. तुमच्या घरातला वाद अश्रूवर अडलाय, पण त्याच्या आधी एक चित्र आहे आणि त्याकडे तुमचं कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही.

लपाछपी खेळताना मिस गिडन्स माळ्यावर जाते. तिथे तिला एका पुरुषाचं लहानसं चित्र सापडतं, काच तडकलेली. थोड्याच वेळात ती खाली पडद्याआड लपते आणि खिडकीच्या काचेपलीकडून तोच चेहरा अंधारातून पुढे येतो. मग ती मिसेस ग्रोसला, म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाईला, त्या माणसाचं वर्णन सांगते आणि मिसेस ग्रोस ओळखते: क्विंट.

मूळ कादंबरिकेत हे चित्र नाही. तिथे गव्हर्नेसने क्विंटला कधी पाहिलेलं नाही, चित्रातही नाही. तरी ती त्याचे लाल केस, त्याचा चेहरा बारकाईने सांगते आणि मिसेस ग्रोस ओळखते. भुतं खरी मानणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम खांब. न पाहिलेल्या माणसाचं वर्णन ती करते कुठून? चित्रपटवाल्यांनी हा खांब जाणूनबुजून कापला. तिने चेहरा आधी पाहिलाय, तो डोक्यात राहिलाय, तो खिडकीत दिसला. बहिणीचा मुद्दा झाला.

पण मग तागडी एका बाजूला कलते. म्हणून दुसऱ्या पारड्यात अश्रू टाकला. वर्गाच्या खोलीत मिस जेसल टेबलाशी बसून रडतेय. मिस गिडन्स पुढे जाते, ती नाहीशी होते, आणि पाटीवर पाण्याचा थेंब. गव्हर्नेस बोट लावून पाहते, ओला आहे. हा थेंबही पुस्तकात नाही. एक पुरावा काढला, एक घातला. सोनाराच्या काट्यासारखं काम आहे हे. याचं कारणही माहीत आहे. पटकथेचा पाया होता विल्यम आर्चिबाल्डचं १९५०चं नाटक, आणि त्यात भुतं सरळ भुतंच होती. क्लेटनला ते नको होतं, म्हणून त्याने अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटीला बोलावलं. दोन्ही बाजू जिवंत ठेवायच्या म्हणूनच ही नवी मांडणी झाली. काही प्रेक्षक म्हणतात, ‘त्यांना स्वतःलाच ठरवता आलं नाही.’ नाही हो. न ठरवता येणारा माणूस इतकं मोजून मापून ठेवत नाही.

तर अश्रू. तुम्ही म्हणता, थेंब दिसला म्हणजे जेसल होती. मला हा प्रसंग फार आवडतो, आणि तो तुमच्या बाजूचा आहे हे मान्य करते, पण निकाल देण्याइतका नाही. पाटीचा तो जवळचा शॉट कधी येतो ते पाहा. तिने खाली पाहिल्यावर. म्हणजे तोही तिच्याच नजरेला टाचलेला आहे. जिच्या डोळ्यांनी जेसल दिसली तिच्याच डोळ्यांनी थेंब दिसला. ज्या साक्षीदारावर शंका आहे, त्याच साक्षीदाराने आणलेला हा पुरावा. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी येऊन त्या पाटीवर बोट फिरवलं असतं तर खटला तिथेच संपला असता. दिग्दर्शकाने त्या वेळी खोलीत दुसरं कोणी ठेवलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, बहीण बरोबर. तेही नाही. तिच्या बाजूची खरी अडचण अगदी शेवटी येते आणि ती अश्रूपेक्षा मोठी आहे. रात्री बागेत, पुतळ्यांच्या गोल रांगेत, मिस गिडन्स माइल्सला क्विंटचं नाव घ्यायला लावते. त्या क्षणी एक शॉट उंचावरून आहे, क्विंटच्या पाठीमागून. खाली मुलगा आणि बाई लहान दिसतात आणि पुढे चौकटीत क्विंटचा हात. हा शॉट कोणाच्या नजरेला टाचलेला नाही. गव्हर्नेस खाली आहे, तिला स्वतःला वरून पाहता येणार नाही. सगळा चित्रपट जो नियम पाळत आला तो इथे, मुलगा मरायच्या क्षणी, मोडतो. आजीचा प्रश्न इथे लावला तर उत्तर मिळत नाही: कोणाला दिसलं? कोणालाच नाही. आपल्यालाच.

मी हा शॉट कितीदा तरी मागे-पुढे करून पाहिलाय. कधी वाटतं, इथे क्लेटनने पत्ता उघडा केला: क्विंट आहे, जिंकलाय. कधी वाटतं, बाईच्या भीतीने आता आपल्यालाही गिळलंय, तिच्या चेहऱ्याची गरजही उरली नाही. टेबलावर मी असते तर हा शॉट ठेवू नका म्हणून भांडले असते. जिम क्लार्कने, म्हणजे ज्याने संकलन केलं त्याने, तो ठेवला. तो माझ्यापेक्षा फार मोठा संकलक होता, तेव्हा माझा खटका माझ्यापाशी.

त्याच क्लार्कचे एका प्रसंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारे लांब डिझॉल्व्हही पाहा. एक चित्र पुरतं गेलेलं नसताना दुसरं त्यावर येतं आणि दोन्ही बराच वेळ एकमेकांवर तरंगतात. घड्याळ किती पुढे गेलं ते कळत नाही. आठवणीत असंच होतं. आणि चित्रपट आठवणच आहे अशी शंका घ्यायला जागा आहे: सुरुवातीला नुसता काळा पडदा, लहान मुलीच्या आवाजातलं गाणं, मग जोडलेले हात आणि रडणारी बाई. मुलांना वाचवायचंच होतं, त्यांचा नाश करायचा नव्हता, असं ती म्हणते. हे कधीचं रडणं? सगळं घडून गेल्यानंतरचं? मग पुढचं सारं तिने सांगितलेलं. यावर मी जास्त खोलात जात नाही, पण दुसऱ्यांदा पाहताना ते हात विसरू नका.

प्रकाशाबद्दल एवढंच की छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसवर रुंद सिनेमास्कोपची सक्ती होती. वाड्यातली कोंडलेली भीती आणि आडवा पसरलेला पडदा यांचं जमेना. त्याने फिल्टरच्या कडा रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू काळवंडून टाकल्या. परिणाम असा, की मेणबत्ती घेऊन ती व्हरांड्यातून चालते तेव्हा आपले डोळे मधल्या उजेडावर टिकत नाहीत, बाजूच्या काळोखात शोधत राहतात. तिथे काही नसतं, तरी आपण पाहतो. पाच मिनिटांत प्रेक्षकाची मिस गिडन्स होते. म्हणून टीव्हीचा उजेड वाढवून हा चित्रपट पाहणाऱ्याने माझ्याशी वाद घालू नये. दिवे बंद करा. आपल्याकडे जून-जुलैत ते काम वीज खातं परस्पर करतं.

आता बहिणीसाठी. ‘बाईच्या डोक्यावर परिणाम’ हे वाचन जुनं आहे. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सनने १९३४मध्ये कादंबरिकेवर असा निबंध लिहिला: भुतं नाहीत, गव्हर्नेसच्या दाबलेल्या वासनेतून ती उगवली आहेत. चित्रपटाला हे माहीत आहे. पुस्तकातली गव्हर्नेस विशीची पोर, पडद्यावर डेबोरा कर चाळिशीला टेकलेली. पहिल्याच भेटीत तो देखणा काका तिला विचारतो, तुमच्याकडे कल्पनाशक्ती आहे का? ती आनंदाने हो म्हणते. माइल्स तिचं चुंबन घेतो आणि ती मागे सरत नाही, ती शेवटी त्याचं घेते. हे सगळं मी नाकारत नाही. पण ‘लग्न झालं नाही म्हणून भुतं दिसतात’ हे मी फार ऐकलंय. आमच्या भागात बाईला काही दिसलं तर ते तिच्या अंगात असतं आणि पुरुषाला दिसलं तर ते वाटेवर असतं. विल्सनचं वाचन निबंध म्हणून हुशार आहे, पण त्यात एक माणूस हात झटकून निघून जातो: काका. दोन मुलं, एक वाडा, एक अनोळखी बाई, आणि वर हुकूम, मला काही कळवू नका. तिला शंका आली तर विचारायचं कोणाला? डोक्यावर परिणाम व्हायला तेवढं पुरेसं आहे, वासना दाबलेली असो वा नसो.

आणि मिसेस ग्रोस. वादात तिला सगळे शहाणी साक्षीदार धरतात. तळ्याकाठी, फ्लोरा किंचाळत असताना, गव्हर्नेस पलीकडे बोट दाखवते आणि मिसेस ग्रोस म्हणते, मला काही दिसत नाही. ‘बघा, दिसत नाही, म्हणजे नाहीच.’ थांबा. या बाईला याआधी काय काय दिसलं नव्हतं ते आठवा. क्विंट आणि जेसल जिवंत असताना या घरात, मुलांच्या डोळ्यांदेखत काय चालायचं, ते तिला पूर्ण ठाऊक होतं. ती गप्प राहिली. नोकरी, मालकाची अट, घरातली गोष्ट घरात. तिच्याकडून एकेक गोष्ट दात उपटल्यासारखी काढून घ्यावी लागते. न पाहण्याची तिला वर्षांची सवय आहे. मग तिचं ‘दिसत नाही’ हे आरशासारखं स्वच्छ कसं मानायचं? मिस गिडन्सला जे नाही ते दिसत असेल. मिसेस ग्रोसला जे होतं ते दिसलं नव्हतं. मुलं या दोघींच्या मध्ये.

माझ्या लेखी चित्रपटाचा गाभा इथे आहे. एक प्रयोग करा. पहिल्यांदा पाहताना भुतं खरी धरा, अगदी देवचारासारखी पक्की. मग मिस गिडन्स काय करते ते पाहा: मिसेस ग्रोसला फ्लोरासह घराबाहेर पाठवते, वाड्यात दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर एकटी राहते, त्याला कोंडीत पकडून नाव वदवून घेते. दुसऱ्यांदा पाहताना भुतं खोटी धरा. ती तेच करते, आणि मुलगा तसाच मरतो. भुतं असण्या-नसण्याने तिच्या एकाही कृतीत फरक पडत नाही. माइल्सच्या उशीखालचं मान मोडलेलं कबूतर, शाळेतून काढल्याचं पत्र, त्याचं वयाला न शोभणारं लाडिक बोलणं, याला भूत लागतच नाही. मोठ्या माणसांची क्रूरता जवळून पाहिलेलं मूल असंच वागतं. झपाटलंय असंही म्हणू शकता. दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दल खरी आहेत.

तुमची घाई मी समजू शकते. आपण वाढलो ते ‘महल’वर आणि ‘वो कौन थी’वर. पडद्यावर पांढरी साडी, गाणं, धुकं, आणि शेवटी कोणी तरी येऊन सांगतं की ती माळ्याची मुलगी होती, किंवा हा सगळा इस्टेटीसाठी रचलेला डाव होता. मला दोन्ही आवडतात. ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ लागलं की मी हातातलं काम ठेवते. पण तिथे भूत हे कुलूप आहे आणि शेवटच्या रिळात किल्ली मिळते. इथे ती शोधत बसलात तर तिसऱ्या खेपेलाही अश्रूवरच भांडत बसाल.

एकदा फक्त मिसेस ग्रोसकडे बघत चित्रपट पाहा. बोलणारं कोण आहे ते सोडून द्या, ती चौकटीत कुठे उभी आहे आणि कधी मान वळवते तेवढं पाहा. बहिणीलाही बसवा. मग कोण जिंकलं ते मला कळवा. मला वाटतं, तोवर तुम्ही वेगळ्याच गोष्टीवर भांडत असाल.

माझी काकी माहेराहून आठ दिवसांनी परतली. त्यानंतर संध्याकाळी पाटाचं पाणी सोडायला तिला कोणी कधी पाठवलं नाही. ते काम काकाकडे गेलं. खूप वर्षांनी मी तिला विचारलं, खरंच कोणी होतं का तिथे? ती फणसाचे गरे सोलत होती. “कांबळं होतं,” म्हणाली.

भाचीला आत्ता नको. ब्रिटनमध्ये तेव्हा त्याला एक्स प्रमाणपत्र होतं, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. क्विंट खिडकीत आला तर दहा वर्षांची मुलगी किंचाळेल आणि नंतर हसेल, त्याचं काही नाही. पण तुम्ही दोघं अश्रूवर बोलत असताना ती फ्लोराबद्दल विचारेल. मिसेस ग्रोस तिला घोडागाडीत घालून घेऊन गेली, भाऊ मागे राहिला, तिला पुढे कोणी सांगितलं का, तिचं काय झालं? चित्रपट ते सांगत नाही, आणि तुम्हालाही रात्री अकरा वाजता सांगता येणार नाही.